उकंडरावची सही

"बे उकंड्या, माह्या वावरात तू कोण्या अंगानं आला होता? विहिरीकडून का बांधाच्या धुऱ्यावरून?"

"आलो होतो बे एखाद्या अंगानं."

"एखाद्या अंगानं म्हंजे? पाखरू होता काय?"

हे भांडण वच्छलाबाईनं ऐकलं ते ज्वारी पाखडता पाखडता, कुडाच्या आडून. वीस-बावीस वर्षं झाली त्याला. बाहेर दुकानापुढं गुलाबराव कमरेवर हात ठेवून उभा, आणि तिचा नवरा लोखंडी टोपल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत बसलेला. मान वर करायला काही तयार नव्हता.

झालं असं होतं, की गुलाबरावच्या वावरातल्या झोपडीत पोलिसांनी हातभट्टीचा कॅन धरला. कॅन त्याच्या चुलत भावाचा, हे फाट्यावरच्या कुत्र्यालाही माहीत. पण केस झाली गुलाबराववर, आणि 'माल आमच्या समक्ष सापडला' असं लिहून खाली सही होती उकंडरावची. उकंडराव त्या दिवशी सकाळपासून एका ट्रॅक्टरच्या चाकाशी झटत होता. वावराचं तोंडसुद्धा त्यानं पाहिलं नव्हतं.

"कॅन तू पाह्यला?"

"साहेबानं पाह्यला ना."

"मंग साहेबानं करा ना सही. तुही काऊन?"

"पंचाची लागते. मले पंच म्हणते ते."

"पंच," गुलाबराव म्हणाला. "पंक्चर काढता काढता पंच झाला."

कुडाआड वच्छलाबाईला हसू आलं. नवऱ्याला कोणी असं बोललं तर बायकोनं रागवायला पाहिजे, पण त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं हे तिलाही कळत होतं. सूप तोंडापुढं धरून ती हसली. पुढं किती दिवस जेवायला वाढताना विचारायची, "कोण्या अंगानं येऊन राह्यले? विहिरीकडून?" तोही हसायचा. त्या हसण्याची आठवण आता झाली की ती सूप खाली ठेवून देते.

उकंडराव माणूस वाईट नव्हता. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवून आणला आणि नावही तसंच ठेवलं. नाव असं असलं की माणूस मोठेपणाची आशा धरत नाही. शाळा चौथीपर्यंत. पण अक्षर मोत्यासारखं. सही करायचा ती पूर्ण नावाची, खाली एक सरळ रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. ते ठिपके कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणे, "शोभा."

त्याचं पंक्चरचं दुकान बुलढाणा-धाड रस्त्यावरच्या फाट्यावर, लिंबाखाली. तिथून दहा पावलांवर पोलीस चौकी. फाट्याचं नाव राहू द्या, नाव घेऊन कोणाचं भलं होणार नाही. तर एकदा चोरीची मोटारसायकल सापडली आणि माणिकराव जमादारानं पंच म्हणून उकंडरावला हाक मारली. चौकीत गेल्यावर त्याला खुर्ची दिली. जमादार म्हणाला, "बसा उकंडराव." राव म्हणून हाक मारणारा आणि खुर्ची देणारा माणूस त्याला तोवर भेटला नव्हता. घरी येऊन त्यानं वच्छलाबाईला तीनदा सांगितलं, खुर्ची हाताची होती म्हणून.

तेव्हापासून सही करायची झाली की उकंडराव. आधी पाहून करायचा. मग न पाहता करू लागला. मग तर काम सोपं व्हावं म्हणून जमादारानं नवीन रीत काढली. धरलेल्या मालाच्या पुडक्यावर, बाटलीवर एक चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर पंचाची सही लागते. कायद्यानं ती सही माल बांधताना, जागच्या जागी, डोळ्यांनी पाहून करायची असते. पण दर वेळी पंच कुठून आणायचा? म्हणून दुपारी काम नसलं की जमादार कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन लिंबाखाली यायचा. उकंडराव हात पुसून, बाजेवर पाट ठेवून, लग्नाच्या पत्रिकेवर नावं घालावी तशा चाळीस-चाळीस सह्या करायचा. चिठ्ठ्या जमादाराच्या खणात पडून राहायच्या, लागेल तशी एकेक काढायची.

आणि त्या चिठ्ठ्या कापून द्यायची वच्छलाबाई. जमादाराची कात्री वाकडी चालायची, हिचा हात सरळ. ती मांडी घालून कागद कापायची, एकसारखे, आणि शाई वाळावी म्हणून फुंकरही मारायची. जमादार म्हणायचा, "वैनी, तुमचा हात असन तं कोर्टबी खूश." तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला.

गुलाबरावनं दोन वर्षं अबोला धरला. मोडला तो त्याच्या पोरीनं. मंजुश्री शाळेत जायला लागली तशी रोज सकाळी सायकलीत हवा भरायला लिंबाखाली थांबायची आणि पंपावर पाय देऊन विचारायची, "काका, माह्या बाबाशी तुमची कट्टी हाये का?" उकंडराव म्हणायचा, "माही नाई व माय, त्याची हाये." घरी जाऊन ती बापाला विचारायची. बापाला उत्तर द्यायचा कंटाळा आला आणि एक दिवस तोच पोरीची सायकल हातात धरून आला. "जरा पाह्य बे चाक," म्हणाला. झालं. त्यानंतर दोन्ही घरचं येणं-जाणं असं झालं, की बेबीताईनं, म्हणजे मंजुश्रीच्या आईनं, पुरण घातलं की पहिली पोळी इकडं यायची, आणि आंबेडकर जयंतीला मिरवणुकीच्या ट्रॅक्टरची चाकं आदल्या दिवशी उकंडराव तपासून द्यायचा.

पोरगी मोठी झाली, बुलढाण्याला नर्सिंगला लागली. सकाळच्या यष्टीनं जायची, दुपारी एकच्या यष्टीनं यायची. लिंबाखाली थांबून पाणी प्यायची आणि वच्छलाबाईचा हात धरून नाडी पाहायची. "काकू, तुमची घोड्यावानी पळते," म्हणायची.

चार वर्षांमागं, चैत्राच्या उन्हात, ती अशीच एकच्या यष्टीनं उतरली. यष्टी पुढं गेली. पोरगी रस्ता ओलांडायला लागली आणि धाडकडून एक पांढरी गाडी आली ती रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळत आली. वच्छलाबाई दाराशी होती, पण ती आत वळली होती. तिनं आवाज ऐकला. पाहिलं ते एकट्या उकंडरावनं.

पोरीला उडवून गाडी दुकानापुढच्या जुन्या टायरांच्या ढिगात घुसली आणि थांबली. उकंडरावनं दार उघडून चालवणाऱ्याला ओढला. दोन गावं पलीकडचा राजकुमार, मोठ्या जमिनीवाल्याचा पोरगा. तोंडाला दारूचा भपकारा. पायावर उभं राहता येईना. मागं वळून पोरीकडं पाहीना. "माही चप्पल कुठं गेली," एवढंच विचारत होता. तेवढ्यात जमादार पळत आला. त्यानं राजकुमारची बखोट धरली, आणि उकंडराव पोरीकडं धावला. गोपालची जीप सवारीसाठी फाट्यावर उभी होती, गोपाल तिच्या बोनेटात डोकं घालून होता, त्यानंही काही पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून पोरीला उचललं. वच्छलाबाईनं ओला पंचा आणि पाण्याचा तांब्या दिला. उकंडराव मागं बसला, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि जीप बुलढाण्याच्या वाटेला लागली.

मोठ्या दवाखान्यात वहीत नोंद झाली: दुपारी एक पन्नास, पेशंटला आणणारा, उकंडराव. तिसऱ्या दिवशी मंजुश्री गेली.

इकडं जमादारानं काय केलं ते ऐका. फुंकर मारून दारू मोजायची मशीन चौकीत होती. पण ती कित्येक महिने कपाटात, चार्जिंगविना. म्हणून त्यानं राजकुमारला जवळच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं रक्त काढलं, बाटली बांधली. तिथवर सगळं बरोबर. मग बाटलीवर चिकटवायला जमादारानं खिशातून चिठ्ठी काढली, सही आधीच असलेली, वच्छलाबाईनं कापलेली. आणि संध्याकाळी पंचनामा लिहिताना सवयीनं लिहून मोकळा झाला: दुपारी एक वाजून पंचावन्न मिनिटं, पंच उकंडराव यांच्या समक्ष.

दुसऱ्या दिवशी उकंडराव बुलढाण्याहून कपडे बदलायला आला. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता म्हणा, एकच झाली होती, पण दोन वाटत होत्या. जमादारानं कागद पुढं केला. त्यानं वाचला नाही. सही केली, रेघ ओढली, ठिपके दिले, आणि परत गेला. पोरगी तेव्हा जिवंत होती.

जमादाराच्या मनात कपट नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. तो खरंच पेटला होता. "ह्या पोट्ट्याले सोडत नाई," म्हणत होता. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात दारूच दारू. गुलाबराव रिपोर्टची झेरॉक्स घेऊन लिंबाखाली आला आणि पहिल्यांदा रडला. "आता सुटत नाई ना बे तो?" त्यानं विचारलं. उकंडराव म्हणाला, "कसा सुटन? म्या सोता पाह्यलं."

दीड वर्षानं साक्षीची तारीख आली. तिच्या चार दिवस आधी जमादार लिंबाखाली येऊन बसला. चहा घेतला नाही, म्हणजे काही तरी बिघडलं होतं.

"उकंडराव, त्यायचा वकील अकोल्याचा हाये. त्यानं मोठ्या दवाखान्याच्या वहीची नक्कल काढली. एक पन्नासले तुमी बुलढाण्यात, एक पंचावन्नले तुमी इकडं रक्ताच्या बाटलीपाशी."

"मंग?"

"मंग काय मंग. बाटली गेली तं सगळं गेलं. दुसऱ्या कोणी त्याले प्यालेला पाह्यला नाई, डॉक्टरनं बी रक्त काढलं एवढंच लिहून ठेवलं. हॉटेलवाला दुसरा पंच होता, तो तं साक्षीलेच येत नाई म्हणते."

"तुमी पाह्यला ना."

"मी पोलीस हावो. पोलिसाचं एकट्याचं कोण धरते." जमादारानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमी एवढंच म्हणा, मी जीपीत गेलोच नाई. पोरीले जीपीत टाकलं आन जमादारासंगं दवाखान्यात गेलो. बुलढाण्यात नाव गोपालनं लिहून देल्लं. गोपाल तयार हाये."

गोपाल बाजूलाच होता. त्यानं मान हलवली. "मी सांगतो काका, नाव म्याच देल्लं म्हणून. आपल्या पोरीसाठी एवढं नाई करत काय."

उकंडराव उठून ट्यूब घासू लागला. रात्री ताटावर बसला आणि तसाच बसून राहिला. वच्छलाबाईनं मग जे बोलायचं ते बोलून टाकलं. "आजवर इतक्या खोट्या सह्या केल्या. एक खोटं तोंडानं बोलाची काय लाज येऊन राह्यली तुमाले?"

"लाज नाई व." तो म्हणाला. "ते बेबीताई तिथं बसली राहीन."

वच्छलाबाईला कळलं. मंजुश्री गेल्यावर बेबीताईनं कोणाशी बोलणं टाकलं होतं. एकच विचारायची, जीपमध्ये पोरगी काय बोलली. आणि ते माहीत होतं एकट्या उकंडरावला. गोपाल पुढं हॉर्न वाजवत होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. पोरगी म्हणाली होती, "काका, माही छत्री यष्टीतच राह्यली." मग पाणी मागितलं. मग म्हणाली, "आई बोलन." आणि डोळे मिटून मांडीवर गाल फिरवला. एवढंच. पण बेबीताई त्या एवढ्यावर दिवस काढत होती. आई बोलेल, रागवेल, म्हणजे शेवटी पोरीच्या मनात आई होती, दुखणं नव्हतं, असं तिनं धरून ठेवलं होतं. आता उकंडरावनं शपथेवर सांगायचं की मी जीपमध्ये नव्हतोच. मग ती छत्री कोणी ऐकली?

"तिले आधी समजावून सांगा," वच्छलाबाई म्हणाली. "कोर्टात खोटं बोलतो, घरचं खरं हाये म्हणा."

"मंग तिले वाटन, घरचंच खोटं असन. मन राखाले सांगतलं असन. माही गत हाये तशी, वच्छला. कोणतं खरं, लोकाले कसं कळावं?"

तारखेच्या सकाळी गुलाबराव निळा सदरा घालून आला. जमादारानं त्याला सगळं सांगितलं होतं. तो लिंबाला टेकून उभा राहिला, आत आला नाही. "उकंड्या," म्हणाला, "माह्या पोरीचं आज तुह्या तोंडात हाये." उकंडराव हो म्हणाला. तो हो कशाला म्हणाला, ते त्यालाही तेव्हा ठाऊक नसावं.

बुलढाण्याच्या कोर्टात वच्छलाबाई मागच्या बाकावर बसली, शेजारी बेबीताई. पुढं राजकुमार. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, वजन वाढलेलं. उकंडराव पिंजऱ्यात उभा राहिला. पोलिसांच्या बाजूच्या वकिलानं विचारलं ते त्यानं सांगितलं, गाडी कशी आली, वास कसा येत होता. मग अकोल्याचा वकील उठला. आवाज मऊ. असे लोक मऊच बोलतात.

"बाटलीवरच्या चिठ्ठीवर ही सही तुमची?"

"हाव."

"खाली दोन ठिपके आहेत. तेही तुमचेच?"

"माहेच."

"म्हणजे एक पंचावन्नला तुम्ही इकडच्या दवाखान्यात होता. मग एक पन्नासला बुलढाण्यात मुलीला घेऊन गेलेला उकंडराव कोण?"

दाराशी जमादार खोकला. वकिलानं हसून वाट करून दिली. त्याला दोन्हीकडून फायदाच होता म्हणा. "घाबरू नका. त्या जीपमध्ये तुम्ही नव्हताच, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

उकंडरावनं बाकाकडं पाहिलं. बेबीताई पदर तोंडाशी धरून त्याच्याकडंच पाहत होती. तिला कायद्यातलं काही कळत नव्हतं. ती एवढंच ऐकायला थांबली होती, की हा आता काय म्हणतो.

"मी होतो साहेब," उकंडराव म्हणाला. "डोक्षं माह्या मांडीवर होतं तिचं. पाणी मांगत होती."

वच्छलाबाईच्या शेजारी बेबीताईनं श्वास सोडला. पुढं बसलेल्या गुलाबरावची पाठ मात्र तशीच ताठ राहिली.

"मग ही सही?"

"आधीची हाये."

"आधीची म्हणजे?"

"कोऱ्या चिठ्ठीवरची. अशा करून ठेवत होतो."

न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "किती?" त्यांनीच विचारलं.

"मोजल्या नाईत बाईसाहेब."

मागं कोणी तरी हसलं. वकिलानं हसू विरू दिलं. "आणि माझ्या अशिलाच्या तोंडाचा वास आला, ते?"

"ते खरं हाये. म्या ओढला त्याले. त्याले उभं राहता येत नव्हतं. चप्पल कुठं गेली पुसत होता."

"आणि ही सही खोटी."

"सही माहीच हाये. पर पाह्यलं नव्हतं."

"म्हणजे तुमचं कोणतं खरं धरायचं आणि कोणतं सोडायचं, हे कोर्टानं तुम्हालाच विचारायचं?"

वच्छलाबाईनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. टेबलावर ती बाटली होती. चिठ्ठीच्या कडा अजून सरळ होत्या.

महिन्यानं निकाल लागला. बाटलीतलं रक्त राजकुमारचंच, हे नक्की सांगता येत नाही. आणि ज्या एका माणसानं त्याला पाहिलं म्हणतात, तो न पाहिलेल्याच्याही सह्या करतो, म्हणून त्याच्या शब्दावर शिक्षा देता येत नाही. पोरगी यष्टीच्या मागून अचानक आली असेल, असंही होऊ शकतं. संशयाचा फायदा म्हणतात त्याला. तो राजकुमारला मिळाला. पोलिसांवर कोर्टानं चार कडक ओळी लिहिल्या. जमादाराची बदली झाली, आणि सहा महिन्यांनी नारळ-शाल घेऊन तो रिटायर झाला.

कोर्टाच्या पायऱ्या उतरून गुलाबराव थांबला. उकंडराव मागून येत होता. वच्छलाबाईला वाटलं, मारतो का काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"एवढ्या खोट्या केल्या उमरभर," गुलाबराव हळू म्हणाला, "माह्या कॅनची केली. आन माह्या पोरीच्या टायमालेच तुले खरं बोलाचं सुचलं."

त्यानंतर तो उकंडरावशी बोलला नाही. कधीच नाही.

उकंडरावनं सही सोडली. नवा जमादार गठ्ठा घेऊन आला, तर म्हणाला, "हात दुखते." मग ते काम पलीकडच्या न्हाव्याकडं गेलं, त्यालाही खुर्ची मिळाली. आठवड्यात उकंडरावला निरोप आला, दुकान सरकारी जागेत आहे, मागं घ्या. त्यानं टायरांचा ढीग एकेक करून मागं नेला. लिंबाची सावली गेली. उन्हात बसून पंक्चर काढू लागला. बोलणं कमी झालं. वच्छलाबाईनं एकदा मुद्दाम जुनं काढलं, "कोण्या अंगानं आले?" म्हणून. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

चार-पाच महिने गेले आणि एका सकाळी बेबीताई फाट्यावर आली. तिला शुगर होती, पायाला जखम झाली होती. गोळ्या मोठ्या दवाखान्यात फुकट मिळतात, पण त्या फाटकातून आत जायला तिचा पाय उचलत नव्हता, आणि गुलाबराव तर त्या रस्त्यालाच लागत नव्हता, कामाला जायचं तर चिखलीकडून फेरा मारून जायचा. तिनं दवाखान्याचा कागद वच्छलाबाईच्या हातात दिला. उकंडरावकडं न पाहता म्हणाली, "भाऊले जमन का?"

जमलं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी उकंडराव दुकान बंद ठेवून सकाळच्या यष्टीनं जायचा. रांगेत दोन-तीन तास. खिडकीवर गोळ्या देताना वहीत सही मागतात. पहिल्यांदा तो परत आला तेव्हा वच्छलाबाईनं पाहिलं, डाव्या अंगठ्याला निळी शाई. मोत्यासारखं अक्षर असलेला माणूस अंगठा देऊन आला होता. तिनं हात धुवायला राखुंडी पुढं केली. डाग गेला नाही.

मग तो गोळ्या घेऊन गुलाबरावच्या अंगणात जायचा. तो आला की गुलाबराव घरातून उठून मागच्या दारानं वावराकडं जायचा. उकंडराव ओट्याखाली बसायचा, सकाळच्या गोळ्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या करून द्यायचा. ते झालं की बेबीताई म्हणायची, "जीपीतलं सांगा." आणि तो सांगायचा. पहिल्यापासून. कुठं वळण आलं, कुठं गोपालनं म्हशीसाठी जीप थांबवली, पोरगी केव्हा बोलली. त्यात एक शब्द वाढायचा नाही, एक कमी व्हायचा नाही. बेबीताई मधेच विचारायची, "हसली का?" तो म्हणायचा, "नाई वैनी, हसली नाई. पर आवाज बरा होता." तिचं मन राखायलाही तो हसली म्हणाला नाही. दोन वर्षं होत आली असं.

यंदा पौषात, एका बुधवारी, वच्छलाबाईनं चहासाठी हाक मारली तर तो उठला नाही. झोपेतच गेला. माती द्यायला फाट्यावरचे सगळे आले. गुलाबरावही आला, मागं उभा राहिला, आणि माती टाकून लवकर निघून गेला.

पण आदल्या दिवशीचा मंगळवार सांगायचा राहिला. तो महिन्याचा पहिला होता. उकंडराव सकाळी निघाला. थंडी होती म्हणून वच्छलाबाईनं मफलर दिला. छातीत जरा भरल्यासारखं वाटतं म्हणाला, पण जायचं टाळलं नाही. दुपारी परतला तो परस्पर गुलाबरावच्या अंगणात. पुढचं बेबीताईनं वच्छलाबाईला मागून सांगितलं.

अंगणात गुलाबराव बाज विणत बसला होता. उकंडराव आला तरी त्या दिवशी उठला नाही. बाज अर्धी झाली होती, दोरी हातात होती, म्हणूनही असेल. पण वरही पाहिलं नाही. उकंडराव ओट्याखाली बसला, पिशवीतून गोळ्या काढल्या, सकाळच्या इकडं, रात्रीच्या तिकडं. एक नवी गोळी होती, ती जेवणाआधी घ्यायची, हे दोनदा सांगितलं. बेबीताई म्हणाली, "जीपीतलं सांगा."

त्यानं सांगितलं. वळण, म्हैस, सगळं. गुलाबराव दोरी ओढून धरून बसला होता. सांगणं संपेपर्यंत ती त्यानं विणीच्या पुढच्या घरात घातली नाही.

झाल्यावर बेबीताईनं चहाचं विचारलं. "नाई वैनी, घरी वाट पाह्यते," म्हणून उकंडराव उठला. रिकामी पिशवी झटकली, तिची चौघडी केली, काखेत घातली, आणि धुऱ्यावरून चालत घरी आला. वच्छलाबाईनं तव्यावर भाकर टाकली.